घर कुंभकोणमला, किल्ली खिशात : फोनवरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित प्रवेश कसा मिळवावा

कुंभकोणम (तामिळनाडू) : घर कुंभकोणमला आणि चाकरी परमुलखात, ही येथील मराठी कुटुंबांची जुनीच रीत आहे. १८२८ मध्ये या गावी जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. तंजावरच्या भोसले राजवटीच्या काळात कावेरीकाठी स्थिरावलेल्या आणि आजही घरात तंजावरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतील नव्या पिढ्या चेन्नई, बंगळूरू, पुणे, मुंबईकडे गेल्या. काही तेथून सिंगापूर, आखाती देश आणि अमेरिकेत पोहोचल्या. मागे उरले ते जुने घर आणि त्यात राहणारे वयस्क आई-वडील. पूर्वी पत्र येई, मग ट्रंक कॉल आला. आता घरात ब्रॉडबँडची जोडणी असते, दारावर कॅमेरा असतो, कपाटात जुन्या छायाचित्रांनी आणि मोडी कागदांच्या प्रतींनी भरलेली हार्ड डिस्क असते आणि परगावच्या मुलांना हे सारे आपल्या फोनवरून हाताळता यावे असे वाटते.

ही इच्छा गैर नाही आणि ती पूर्ण करणे आता फारसे खर्चिकही राहिलेले नाही. प्रश्न आहे तो कोणत्या मार्गाने आत जायचे हा. मुलाला आत जाता यावे म्हणून उघडलेले दार अनोळखी माणसालाही उघडे राहिले, तर आई-वडिलांच्या राखणीसाठी बसवलेला कॅमेराच त्यांच्या घरात डोकावण्याची खिडकी ठरतो.

बाहेरून घर का दिसत नाही

कुंभकोणमच्या जुन्या वस्तीतील घरांना रस्त्यालगत तिण्णै असते. तिण्णै म्हणजे आपल्याकडची ओटी. वाटसरूने तेथे टेकावे, पाणी मागावे. पण आतल्या चौकात आणि देवघरापर्यंत जायचे तर घरच्या माणसाने हाक मारावी लागते. घरातील राउटरचे काम बरेचसे असेच चालते.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही-४ मध्ये, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. जगाची गरज त्याच्या कितीतरी पुढे गेली. त्यामुळे घरातील यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर मात्र सर्वांनी मिळून राउटरचा एकच पत्ता वापरायचा, अशी व्यवस्था रूढ झाली. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते हे असे खासगी पत्ते होत. ते घरोघरी तेच ते असतात आणि घराच्या भिंतीबाहेर त्यांना अर्थ नसतो. आतल्या यंत्राने बाहेर काही मागितले की राउटर त्याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्या यंत्राला पोहोचवतो. बाहेरून आगंतुकपणे कोणी आले, तर ते नेमके कोणाकडे आले हे राउटरला ठाऊक नसते आणि तो त्याला सोडून देतो. याच कारणाने चेन्नईत बसलेल्या मुलाला कुंभकोणमच्या घरातील कॅमेऱ्याचा पत्ता फोनवर टाकून काहीच दिसत नाही.

बाजारातील बहुतेक कॅमेरे यावर एक सोपी तोड देतात. कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो, मुलाचा फोनही त्याच सर्व्हरकडे जातो आणि तेथे दोघांची गाठ पडते. कॅमेऱ्यावरील क्यूआर कोड फोनने टिपला की काम झाले. यात घरचे चित्र कोणाच्या हातातून जाते, तो सर्व्हर कोणत्या देशात आहे, कंपनीने उद्या सेवा बंद केली तर काय, हे प्रश्न ग्राहकाच्या हाती राहत नाहीत. एका दारावरच्या कॅमेऱ्यापुरते अनेकांना ते चालतेही. पण हार्ड डिस्क, संगणक, राउटरच्या सेटिंग असे सगळेच हवे असेल, तर प्रत्येक वस्तूसाठी वेगळी कंपनी, वेगळे ॲप आणि वेगळा पासवर्ड असा पसारा होतो.

रस्त्यावर उघडणारे दार

दुसरी तोड जुनी आहे आणि अजूनही अनेक कॅमेरे बसवणारे तीच सुचवतात. तिचे नाव पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरला सांगून ठेवायचे की, बाहेरून अमुक क्रमांकाच्या दाराशी कोणी आले की त्याला थेट कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडे पाठव. मुलाला चित्र दिसू लागते. पण हा नियम मुलाला ओळखत नाही. जो कोणी त्या दाराशी येईल, त्याला तो रेकॉर्डरपर्यंत पोहोचवतो. पुढे उरतो तो केवळ रेकॉर्डरचा पासवर्ड, आणि तो अनेकदा कारखान्यातून आला तसाच असतो किंवा बसवणाऱ्याने आपल्या सोयीसाठी सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच ठेवलेला असतो.

आपले छोटेसे घर कोण शोधायला येणार, हा समज येथे घातक ठरतो. शोधणारे माणूस नसतेच. इंटरनेटवरील सर्व आयपीव्ही-४ पत्त्यांची दारे एकामागून एक ठोठावून पाहणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात आणि कोठे काय उघडे आहे याची सूची देणारी शोधयंत्रेही २००९ पासून उपलब्ध आहेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्याच्या साठेक ठरावीक नाव-पासवर्ड जोड्या वापरून जगभरातील कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर आपल्या कह्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले, त्या घरांना त्याचा पत्ताही नव्हता.

भारतातील उदाहरण याहून जिव्हारी लागणारे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील सीसीटीव्ही चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांची ती दृश्ये होती. तेथील यंत्रणेचा पासवर्ड सहज अंदाज बांधता येईल असा, कारखान्याच्या धाटणीचा होता, असे तपासाच्या वृत्तांतून पुढे आले. इंटरनेटला जोडलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक करणारे केंद्र सरकारचे नियम एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. मात्र ते नव्याने विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. घरोघरी आधीच टांगलेले कॅमेरे आहेत तसेच आहेत.

व्हीपीएन : शब्द एक, अर्थ दोन

सुरक्षित मार्ग व्हीपीएनचा. हा शब्द उच्चारताच बहुतेकांना जाहिरातीतील ॲप आठवते, म्हणून थोडा खुलासा हवा. पैसे घेऊन किंवा फुकट मिळणारे ते ॲप आपली सारी वाहतूक दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरमार्गे बाहेर नेते. घरच्या नेटवर्कमध्ये शिरण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. फुकट व्हीपीएन ॲप तर या कामासाठी मुळीच घेऊ नये. आपली वाहतूक कोणाच्या हाती सोपवली हे कळण्याचा मार्ग नसतो.

येथे अभिप्रेत असलेल्या व्हीपीएनमध्ये सर्व्हर आपल्याच घरात असतो. कुंभकोणमच्या घरातील एक लहान यंत्र आणि पुण्यातील फोन यांच्यामध्ये एक बंदिस्त बोगदा तयार होतो. बोगद्यातून जाणारा प्रत्येक शब्द कूटबद्ध असतो. वाटेतील इंटरनेट कंपनीला किंवा विमानतळावरील वायफाय चालवणाऱ्याला तो वाचता येत नाही. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला फोन जणू घरातच असल्यासारखा वागतो. मग कॅमेरा, हार्ड डिस्क, प्रिंटर सारे त्यांच्या खासगी पत्त्यांवरच उघडते आणि त्यांतील एकाचेही दार रस्त्याकडे उघडावे लागत नाही.

यासाठी आज ‘वायरगार्ड’ ही पद्धत बहुतेकांनी निवडावी, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. जेसन डोननफेल्ड यांनी रचलेली ही प्रणाली मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, ५.६ व्या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिचा मूळ प्रोग्राम सुमारे चार हजार ओळींचा, म्हणजे जाणकाराला बसून वाचून तपासता येईल इतका आटोपशीर आहे. २००१ पासून वापरात असलेले ‘ओपनव्हीपीएन’ही भरवशाचे आहे, पण मांडायला अधिक किचकट. जुन्या राउटरमध्ये दिसणारी ‘पीपीटीपी’ ही पद्धत मात्र टाळावी. तिचे संरक्षण दिवसाभरात भेदता येते, हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवले गेले आहे.

पासवर्ड नाही, किल्ल्यांची जोडी

वायरगार्डमध्ये पासवर्ड नसतो. प्रत्येक यंत्र स्वतःसाठी किल्ल्यांची जोडी तयार करते. एक खासगी, जी यंत्राबाहेर जाऊ नये. दुसरी सार्वजनिक, जी दुसऱ्या यंत्राला द्यायची. खासगी किल्ली ही ७७ अंकी संख्या असते आणि मजकुराच्या रूपात ती ४४ अक्षरांत मावते. सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे. घरातील यंत्राकडे ज्यांच्या सार्वजनिक किल्ल्या नोंदवलेल्या असतात, त्यांनाच ते उत्तर देते. बाकीच्यांना ते नकारही कळवत नाही, गप्प राहते. दारे ठोठावत फिरणाऱ्या प्रोग्रामला तेथे भिंत आहे की दार, हेच उमगत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगच्या नियमाशी तुलना करता हा फरक मोठा आहे : येथेही राउटरवर एक पोर्ट उघडावा लागतो, पण त्यामागे कॅमेरा उभा नसून अनोळखी माणसाशी अवाक्षर न बोलणारा द्वारपाल उभा असतो.

या किल्ल्यांचे गणित अंकशास्त्राचे आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी मांडलेला ‘कर्व्ह २५५१९’ हा वक्र येथे वापरतात; २ चा २५५ वा घात वजा १९ या अविभाज्य संख्येवरून त्याला हे नाव मिळाले. कुंभकोणमला हे लिहिताना सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील त्या लहानशा घराची आठवण होणे अपरिहार्य आहे, जेथे श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले आणि जे आता शास्त्र विद्यापीठाने जतन केले आहे. रामानुजन यांनी कूटलेखनासाठी काही केले, असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी तर १९४० मध्ये लिहीत होते की, अंकशास्त्राचा व्यवहारात, निदान युद्धाच्या व्यवहारात, काही उपयोग होईलसे दिसत नाही. आज प्रत्येक बँक व्यवहाराच्या आणि घरच्या प्रत्येक बोगद्याच्या मुळाशी तेच शास्त्र आहे.

भारतातील मुख्य अडसर

परदेशी मार्गदर्शिका वाचून काम करायला बसलेला भारतीय वाचक बहुधा एका ठिकाणी अडतो. सारे काही पुस्तकाप्रमाणे केले, तरी बाहेरून जोडणी होत नाही. चूक त्याची नसते. आयपीव्ही-४ पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक इंटरनेट कंपन्या प्रत्येक घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतच नाहीत; शेकडो घरे मिळून एका पत्त्यामागे ठेवतात. या व्यवस्थेला ‘सीजीनॅट’ म्हणतात. घराच्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक महाकाय राउटर असतो आणि त्याच्या सेटिंग आपल्या हाती नसतात. आपण आपल्या ओटीचे दार उघडले, पण गल्लीच्या तोंडाशी कुलूपच आहे, असा हा प्रकार.

तपासणे सोपे आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली जो पत्ता दिसतो तो टिपून घ्यावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, अथवा १० ने, तर घर सीजीनॅटमागे आहे. इंटरनेटवर ‘माझा आयपी पत्ता कोणता’ असे विचारणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा आयपीव्ही-४ पत्ता आणि राउटरमधील पत्ता तोच असेल, तर घराला सार्वजनिक पत्ता आहे आणि काम सरळ आहे.

अडसर निघाला तर वाटा तीन. इंटरनेट कंपनीकडे अर्ज करून जादा शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेता येतो. कंपनी तो देत असेल तर सर्वांत कमी कटकटीचा हाच उपाय. दुसरी वाट आयपीव्ही-६ या नव्या पत्त्यांची. त्यांचा साठा अफाट असल्याने प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो आणि भारत या पद्धतीच्या वापरात जगात आघाडीवर आहे. मात्र येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फोन ज्या नेटवर्कवर आहे तेथेही आयपीव्ही-६ असावे लागते; परदेशातील एखाद्या हॉटेलात ते नसेल तर बोगदा जुळणार नाही. आणि या पद्धतीत खासगी पत्त्यांचा आडोसा नसतो. घरातील प्रत्येक यंत्र बाहेरून दिसू शकते आणि त्याचे रक्षण केवळ राउटरची फायरवॉल करते. ती आयपीव्ही-६ साठी चालू आहे का, हे स्वतः तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी वाट मध्यस्थाची. ‘टेलस्केल’, ‘झिरोटियर’ यांसारख्या सेवांत घरातील यंत्र आणि फोन दोघेही स्वतःहून बाहेर पडून मध्यस्थाकडे आपापला ठावठिकाणा सांगतात. मध्यस्थ दोघांना एकमेकांची ओळख करून देतो आणि शक्य तेथे पुढचा संवाद थेट होतो. ते न जमल्यास वाहतूक मध्यस्थाच्या सर्व्हरमार्गे जाते, पण कूटबद्ध अवस्थेत; किल्ल्या दोन्ही टोकांच्या यंत्रांतच राहतात. राउटरवर काहीही उघडावे लागत नाही, त्यामुळे सीजीनॅटमागच्या घराला हा उपाय सर्वांत लवकर साधतो. किंमत एवढीच की, कोणते यंत्र आपल्या नेटवर्कचे हे ठरवण्याचा अधिकार आता त्या सेवेतील आपल्या खात्याकडे जातो. ज्या ईमेल खात्याने तेथे प्रवेश केला, ते खाते चोरीस गेले तर घरही गेले. म्हणून त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावणे हा येथे ऐच्छिक भाग नाही.

प्रत्यक्ष जोडणी

हे काम दुरून करू नये. पोंगल, नवरात्र अशा निमित्ताने घरी जाल तेव्हा निवांत एक दुपार काढावी. मुलांनी दुरूनच आई-वडिलांच्या फोनवर स्क्रीन पाहण्याचे ॲप टाकायला लावून काम उरकण्याचा मोह होतो. पण अशाच ॲपचा वापर करून बँक खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. फोनवरून कोणी सांगितले की ॲप टाकायचे, ही सवय ज्येष्ठांना आपणच लावणे योग्य नाही.

प्रथम राउटर. त्याचे फर्मवेअर अद्ययावत करावे, व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा, ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि ‘यूपीएनपी’ बंद करावे. यूपीएनपी चालू असेल तर घरातील एखादे यंत्र आपल्याला न विचारता राउटरकडून दार उघडून घेऊ शकते. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत पूर्वी कोणी काही नोंदवून ठेवले असल्यास ते पुसावे. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा पासवर्डही बदलावा. तो बसवणाऱ्या दुकानाला अजून ठाऊक असेल.

दुसरे काम सहसा कोणी सांगत नाही आणि त्यावाचून पुढे डोकेदुखी होते. बहुतेक राउटर घराला १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देतात. पुण्यातील मावशीच्या घरचे वायफायही तेच पत्ते वापरत असेल, तर फोनला कळत नाही की मागितलेला कॅमेरा येथला की कुंभकोणमचा. आपल्या घराची मालिका आधीच बदलून १९२.१६८.८७ सारखी आडवळणाची ठेवावी.

आता बोगद्याचे घरचे टोक. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘व्हीपीएन सर्व्हर’ असा विभाग असून त्यात वायरगार्ड असेल तर वेगळे यंत्र लागत नाही. ‘व्हीपीएन क्लायंट’ आणि ‘व्हीपीएन पासथ्रू’ हे वेगळे विभाग आहेत, त्यांनी हे काम होत नाही. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये अशी सोय क्वचितच असते. तेव्हा रास्पबेरी पाय सारखा तळहाताएवढा संगणक किंवा एखादा जुना लॅपटॉप वापरावा. वायरगार्डला फार ताकद लागत नाही. त्या यंत्राचा घरातील पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा आणि केवळ त्याच्यासाठी एक यूडीपी पोर्ट पुढे पाठवावा. ५१८२० हा रूढ क्रमांक आहे. कंपनीचे यंत्र आणि आपला राउटर एकामागे एक असतील तर हा नियम दोन्हीकडे लिहावा लागतो, अथवा कंपनीला सांगून त्यांचे यंत्र ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून घ्यावे लागते. सार्वजनिक पत्ता स्थिर नसेल, तर वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. अशा वेळी डायनॅमिक डीएनएस ही सेवा घ्यावी. ती आपल्या घराला एक नाव देते आणि पत्ता बदलला की त्या नावामागची नोंद आपोआप सुधारते. मध्यस्थाची वाट निवडलेल्यांना पोर्ट आणि डीएनएस दोन्ही लागत नाहीत.

फोनवर वायरगार्डचे अधिकृत ॲप घ्यावे. घरच्या यंत्रावर त्या फोनसाठी नोंद केली की पडद्यावर क्यूआर कोड दाखवण्याची सोय अनेक ठिकाणी असते. फोनने तो टिपला की जोडणी तयार होते. येथेच एक चूक सर्रास होते. त्या कोडचे छायाचित्र काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले जाते. त्या कोडमध्ये खासगी किल्ली असते. छायाचित्र ज्याच्याकडे पोहोचले त्याच्याकडे घराची किल्ली पोहोचली. कोड समोरासमोर टिपावा आणि पडद्यावरून घालवावा. तसेच भाऊ-बहिणींनी मिळून एकच किल्ली वापरू नये. प्रत्येक फोनला स्वतंत्र किल्ली असावी, म्हणजे एखाद्याचा फोन हरवला तर घरच्या यंत्रावरून तेवढीच नोंद पुसता येते आणि बाकीच्यांना त्रास होत नाही. पुसायची कशी, हे हरवण्याआधी एकदा करून पाहावे.

‘अलाउड आयपीज’ या रकान्यात फक्त घराची मालिका लिहिली, तर तेवढीच वाहतूक बोगद्यातून जाते आणि बाकी इंटरनेट नेहमीप्रमाणे चालते. सारीच वाहतूक घरामार्गे न्यायची असेल तर तेही करता येते. अनोळखी वायफायवर ते उपयोगीही पडते, पण मग वेग घरच्या जोडणीच्या अपलोडइतकाच मिळतो. जोडणी मधूनच निर्जीव होत असेल तर ‘कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांवर ठेवावा. चाचणी घेताना फोनचे वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून पाहावे. घरच्याच वायफायवर बसून ‘चालते’ म्हणणाऱ्यांची फजिती गाव सोडल्यावर होते.

सारे स्थिरावले की, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील कंपनीच्या सर्व्हरशी जोडणारा पर्याय बंद करता येतो. राउटर परवानगी देत असेल तर कॅमेऱ्यांना बाहेरच्या इंटरनेटपासूनच तोडावे. मग ते चित्र पाहायचे तर एकच वाट उरते, ती बोगद्याची.

कायदा आणि घरातील संमती

व्हीपीएन भारतात बेकायदेशीर आहे का, ही शंका वारंवार विचारली जाते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपायची आहे. परंतु हा नियम सर्वसामान्य ग्राहकांना सेवा विकणाऱ्यांसाठी आहे, असे संस्थेनेच नंतर स्पष्ट केले. स्वतःच्या घरात शिरण्यासाठी केलेला बोगदा त्यात मोडत नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी व्हीपीएनवर तात्पुरती बंदी घातली आहे. तेथे असताना स्थानिक आदेश पाहावा. आखाती देशांत राहणाऱ्यांनीही तेथील कायदा माहीत करून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरणे कठोर शिक्षेस पात्र आहे.

कायद्यात एक पोकळी मात्र आहे आणि ती मुद्दाम सांगायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या खासगी अथवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती वगळली आहे. म्हणजे परगावच्या मुलाने आई-वडिलांच्या माजघरात कॅमेरा लावून दिवसभर पाहत राहायचे ठरवले, तर हा कायदा त्यात पडणार नाही. तेथे विचारायचे ते आई-वडिलांनाच. दारावर आणि मागच्या अंगणात कॅमेरा चालेल, स्वयंपाकघरात नको. आंघोळीनंतर ओल्या पंचाने देवघरात जाताना कोणी पाहू नये, अशी त्यांची अट असू शकते आणि घर त्यांचे आहे. कोणाकोणाच्या फोनमध्ये किल्ली आहे, याची यादी मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्याजवळ ठेवावी. राउटरची तार कोणती, ती काढली की सारे बंद होते, हेही त्यांना दाखवावे.

बाहेरचे कोणी घरात शिरल्याचा संशय आला, तर प्रथम तीच तार काढावी. चित्रण बाहेर पडले असेल किंवा पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवता येते.

यंत्रणेची एक मर्यादा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाने अनुभवलेली आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम परिसरात विजेचे हजारो खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज गेली की बोगदाही जातो. नेमकी काळजी वाटते त्याच वेळी फोनच्या पडद्यावर काही दिसत नाही. राउटर आणि व्हीपीएनच्या यंत्राला लहान यूपीएस जोडला तर काही तास निभावतात. त्यापुढे शेजारच्या घराचा दूरध्वनी क्रमांक फोनमध्ये असावा, आणि शेजाऱ्यांकडे आपला.